मजकूर एका संगणकातून दुसऱ्यात जाताना

गेल्या उन्हाळ्यात अकोले तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे दोन फ्लॉपी घेऊन आले. नोकरीच्या काळात त्यांनी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून बोलीतील शब्द गोळा केले होते. राब, आवणी, खाचर, हिरडा असे भातशेतीचे आणि रानातले शब्द, त्यांचे अर्थ आणि ते कोणत्या गावी ऐकले त्याची नोंद. १९९९ साली तालुक्याच्या गावातील एका डीटीपी केंद्रात त्यांनी तो संग्रह टंकलिखित करून घेतला. चाळीसेक पाने झाली. मूळ वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजल्या, डीटीपी केंद्र बंद पडले. छापील प्रत एकच, तीही काही पाने गहाळ असलेली. उरल्या या फ्लॉपी.

फ्लॉपी वाचणारे यंत्र मिळवायला दोन आठवडे लागले. फाइल सुदैवाने उघडली, पण पडद्यावर मराठीचे एक अक्षरही नव्हते. रोमन अक्षरे, टक्क्याची चिन्हे, पौंडाची चिन्हे आणि महिरपी कंस यांची ती सरमिसळ होती. "व्हायरस लागला का हो?" गुरुजींनी विचारले. व्हायरस नव्हता. फाइल पूर्ण शाबूत होती, एक बिटही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरीही ती वाचता येत नव्हती. हे कसे, ते समजून घ्यायचे तर थोडे मागे जावे लागेल.

नक्कल करताना मजकूर बदलतो हा अनुभव आपल्या जिल्ह्याला नवा नाही. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली. तिच्या नकला होत राहिल्या आणि प्रत्येक नकलाकाराने थोडे आपल्या उच्चाराप्रमाणे, थोडे आपल्या समजुतीप्रमाणे लिहिले. २९४ वर्षांनी, १५८४ मध्ये, एकनाथांना निरनिराळ्या प्रती समोर ठेवून शुद्ध प्रत तयार करावी लागली. हस्तलिखितात दोष शिरतो तो असा हळूहळू आणि शब्दाशब्दाने. बाकीचा मजकूर वाचता येतो, म्हणून प्रती ताडून पाहता येतात. संगणकाच्या फाइलचे तसे नसते. तिचा संकेत हरवला की एकदम सगळेच हरवते.

फाइलमध्ये असते काय?

संगणकाला अक्षर ठाऊक नसते, आकडा ठाऊक असतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या 'अ‍ॅस्की' या प्रमाण संकेतात ० ते १२७ असे १२८ आकडे आहेत. रोमन मोठा 'ए' म्हणजे ६५, तीन हा अंक म्हणजे ५१. त्यासाठी सात बिट पुरतात. पण संगणकाचा बाइट आठ बिटांचा, म्हणजे एक बिट रिकामा. या रिकाम्या आठव्या बिटावर पुढे किती जणांनी हक्क सांगितला हीच आपल्या गोष्टीची सुरुवात आहे.

मजकूर म्हणजे नुसती अक्षरे नव्हेत. कोणता शब्द ठळक, कोणता तिरपा, समास किती, परिच्छेद कोठे सुरू होतो हेही कुठेतरी लिहून ठेवावे लागते. याला आपण मांडणी म्हणू. १९७८-७९ च्या सुमारास आलेल्या आणि आपल्याकडे पुढे दहा-बारा वर्षे घरोघरी नव्हे तरी कचेरीकचेरीत वापरल्या गेलेल्या 'वर्डस्टार'ने ही मांडणी मजकुरातच मिसळली. ठळक शब्दाच्या आधी एक अदृश्य खूण आणि नंतर तीच खूण. पानाची लांबी सांगायची तर ओळीच्या आरंभी टिंब देऊन दोन अक्षरी आज्ञा. एवढे सरळ होते. पण ओळी दोन्ही बाजूंनी सारख्या बसवण्यासाठी सुरुवातीच्या आवृत्त्यांनी तो रिकामा आठवा बिट वापरला. शब्दाच्या शेवटच्या अक्षराचा आठवा बिट चालू करून ठेवायचा, की पुढच्या वेळी शब्द कोठे संपतो ते कळावे. परिणामी वर्डस्टारची फाइल दुसऱ्या आज्ञावलीत उघडली की जवळजवळ प्रत्येक शब्दाचे शेवटचे अक्षर चमत्कारिक दिसे. तरी इंग्रजी वाचक अडत नसे. शेवटचे अक्षर अंदाजाने ओळखता येते.

आता भारतीय लिपींकडे येऊ. आयआयटी कानपूर येथे प्रा. आर. एम. के. सिन्हा, मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी यांनी भारतीय लिपींसाठी जे काम केले, त्यातून 'जिस्ट' हे तंत्र उभे राहिले. पुण्याला १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाल्यावर ते काम तेथे वाढले. संगणकात एक जिस्ट कार्ड बसवले की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्यामागचा संकेत होता 'इस्की'. भारतीय मानक संस्थेने तो १९९१ मध्ये आयएस १३१९४ या क्रमांकाने प्रमाण म्हणून स्वीकारला. आमच्या मते भारतीय संगणनातील अत्यंत विचारपूर्वक केलेल्या कामांपैकी हे एक आहे. यात खालची १२८ घरे अ‍ॅस्कीला जशीच्या तशी आणि वरच्या घरांत ब्राह्मीपासून निघालेल्या सर्व लिपींना मिळून एकच वर्णमाला. 'क' १७९ म्हणजे मराठीतही 'क' आणि कन्नडातही. शिवाय अक्षरे उच्चाराच्या क्रमाने साठवायची, दिसण्याच्या क्रमाने नाही.

पण वरची घरे वापरायची म्हणजे आठवा बिट लागणारच. ज्या आज्ञावलीने तो आपल्या खुणांसाठी ठेवला आहे तिच्याशी त्याचे जमणे अवघड. त्यातच त्या काळच्या काही संदेशवहन यंत्रणा सातच बिट पुढे पाठवत आणि आठवा गाळत. गाळला तर काय होते ते विद्यार्थ्यांना फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. इस्कीत न, ग, र यांचे आकडे १९८, १८१, २०७. प्रत्येकातून १२८ वजा करा: ७०, ५३, ७९. अ‍ॅस्कीत हे अनुक्रमे रोमन एफ, अंक ५ आणि रोमन ओ. 'नगर'चे 'एफ५ओ' होते. 'क'चा होतो अंक ३.

अक्षरसंचांचा काळ

खिडक्यांची प्रणाली, म्हणजे विंडोज, आली आणि कार्डाची गरज उरली नाही. रोमन 'ए'च्या आकड्यावर 'ए'चेच चित्र असले पाहिजे असा यंत्राचा आग्रह नसतो. त्या जागी 'अ'चे चित्र ठेवले की पडद्यावर 'अ' दिसतो. संगणक मात्र आपण इंग्रजीच लिहितो आहोत असे समजतो. ही युक्ती झटपट होती, स्वस्त होती आणि पेजमेकरसारख्या इंग्रजी आज्ञावलीतही चालत होती. वर्तमानपत्रे, छापखाने, लग्नपत्रिका छापणारे, प्रश्नपत्रिका काढणाऱ्या शाळा, सगळ्यांनी ती उचलली. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरची आकृती, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख हे अक्षरसंच आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले असतील.

मात्र कोणत्या आकड्यावर कोणते चित्र, हे प्रत्येक निर्मात्याने आपापले ठरवले. आठ बिटांत २५६ घरे. त्यांतील पहिली ३२ नियंत्रणखुणांची. उरलेल्या जेमतेम सव्वादोनशे घरांत देवनागरीची सगळी जोडाक्षरे मावत नाहीत. मग तुकडे करायचे: अर्धा 'ग' आणि काना मिळून पूर्ण 'ग', रफार आणि अनुस्वार मिळून एक चित्र, उकार लहान-मोठे तीन प्रकारचे. जुन्या छापखान्यातला जुळारी खिळे जुळवताना हेच करत असे. टंकलेखन यंत्रावरही अर्धे अक्षर मारून मग दांडा मारायचा. म्हणजे पडद्यावर संगणक आला, पण आत जुळाऱ्याची केस तशीच राहिली.

एक नाव घेऊन पाहू. २०२४ साली आपल्या जिल्ह्याचे नाव अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. जुन्या नावात सात सुटी अक्षरे, काना नाही की मात्रा नाही. नव्या नावात संकेतदृष्ट्या दहा घटक आहेत: अ, ह, ऱ्हस्व वेलांटी, ल, हलन्त, य, काना, न, ग, र. उच्चाराच्या क्रमाने 'ह' आधी आणि वेलांटी नंतर. इस्कीत तशीच साठवली जाते. पण दिसते मात्र वेलांटी आधी. त्यामुळे जुळारी पद्धतीच्या अक्षरसंचात क्रम होतो: अ, वेलांटी, ह, अर्धा ल, य, काना आणि पुढचे. रफाराचे याच्या उलट. 'वर्ष' म्हणताना 'र' आधी येतो, पण चित्र 'ष'च्या डोक्यावर, म्हणून अक्षरसंचात ते शेवटी. तेव्हा जुन्या फाइलीचे रूपांतर करायचे तर नुसते एका आकड्याला दुसरा आकडा लावून भागत नाही. वेलांट्या मागे आणि रफार पुढे न्यावे लागतात. 'र्व्या' किंवा 'त्त्वि' अशा ठिकाणी किती मागे आणि किती पुढे हे ठरवायलाही नियम लागतात. आणि सर्व जुन्या पत्रांत अहमदनगर शोधून अहिल्यानगर घालू असे कोणी म्हटले, तर अशा फाइलीत 'अहमदनगर' सापडतच नाही. शोधपेटीतल्या 'अ'चा आकडा निराळा आणि फाइलीतल्या 'अ'चा निराळा.

इंग्रजी लिहिणारा जेव्हा एका वर्ड प्रोसेसरमधून दुसऱ्यात जातो, तेव्हा त्याचे फार तर ठळक शब्द साधे होतात, समास हलतात, तक्ता विस्कटतो. मजकूर राहतो, मांडणी जाते. आपल्याकडे अक्षरसंचाचे नाव हा मांडणीचाच भाग होता, पण मराठी वाचायची किल्लीही त्या नावातच होती. मांडणी गेली की मजकूरही गेला. गुरुजींच्या फाइलीत नेमके हेच घडले होते. तो अक्षरसंच आमच्या संगणकावर नव्हता, म्हणून संगणकाने जवळचा म्हणून एक रोमन अक्षरसंच लावला.

याहून बारीक घोटाळेही होत. इंग्रजीसाठी केलेल्या सोयी मराठीच्या मुळावर येत. वाक्याच्या आरंभीचे लहान रोमन अक्षर आपोआप मोठे करण्याची सोय असते. ज्या अक्षरसंचात लहान अक्षराच्या जागी पूर्ण व्यंजन आणि मोठ्याच्या जागी अर्धे असेल, तेथे वाक्याचे पहिले अक्षर अचानक अर्धे होई. आमच्या महाविद्यालयीन दिवसांत प्रकल्पाचा अहवाल लिहिताना हा प्रकार घडला आणि त्याचे कारण समजायला आम्हाला एक वर्ष लागले. विंडोजच्या संकेतात १६० हा आकडा न तुटणारी मोकळी जागा आणि १७३ हा अदृश्य जोडरेघ म्हणून राखलेला आहे. त्या घरांत एखाद्याने मात्रा ठेवली असेल तर दुसऱ्या आज्ञावलीत ती नाहीशी होई. मॅकिंटॉशवरून विंडोजवर फाइल नेताना फ्रेंच लोकांची डोक्यावर रेघ असलेली अक्षरे नीट राहावीत म्हणून वरच्या घरांतील आकडे बदलले जात. फ्रेंच अक्षर वाचे आणि मराठी मरे. यात कोणाचाच दुष्ट हेतू नव्हता. संगणकाला हे मराठी आहे असे कोणी सांगितलेच नव्हते.

मांडणीची भाषा

आता ठळक-तिरप्याकडे वळू, कारण गुरुजींच्या संग्रहात त्यांनाही अर्थ होता. नोंदीचा मुख्य शब्द ठळक, अर्थ साधा आणि गावाचे नाव तिरपे. मध्ये स्वल्पविराम नाही की रेघ नाही. मांडणी पुसली तर 'राब' कोठे संपला आणि त्याचा अर्थ कोठे सुरू झाला हे कळणार नाही.

मायक्रोसॉफ्ट वर्डची जुनी 'डॉक' फाइल ही बंद पेटी होती. मजकूर एका भागात, ठळक-तिरप्याच्या याद्या दुसऱ्या भागात आणि त्या कशा वाचायच्या याचा संपूर्ण तपशील २००८ पर्यंत सर्वांसाठी खुला नव्हता. इतर आज्ञावलींचे लेखक अंदाजाने वाचत आणि अंदाज कुठे ना कुठे चुके. याच कंपनीने १९८७ मध्ये 'आरटीएफ' नावाचा एक मधला मार्गही दिला होता. त्यात मांडणी साध्या अक्षरांत लिहिलेली असते: उलटी तिरकी रेघ आणि 'बी' म्हणजे येथून ठळक, 'बी' पुढे शून्य म्हणजे ठळक संपले. आरंभी अक्षरसंचांची क्रमवार यादी असते आणि मजकुरात जेथे अक्षरसंच बदलतो तेथे त्याचा क्रमांक. हा तपशील महत्त्वाचा आहे. गुरुजींच्या फाइलीत काही वनस्पतींची शास्त्रीय नावे रोमन लिपीत होती. सरसकट रूपांतर केले असते तर त्या लॅटिन नावांचेही मराठी कडबोळे झाले असते. आरटीएफमुळे मराठी अक्षरसंचाचे तुकडे तेवढे वेगळे काढून बदलता आले.

ज्यांनी मांडणी उघड अक्षरांत लिहिली त्यांचे लेखन टिकले, असे मागे पाहताना दिसते. डोनल्ड नूथ यांनी १९७८ मध्ये वापरात आणलेली 'टेक' ही प्रणाली आमच्या क्षेत्रात आजही चालते आणि नेदरलंड्समधील फ्रान्स वेल्थाउस यांनी तिला १९९१ मध्ये देवनागरीची जोड दिली. त्या काळचे असे लेखन आजही कोणत्याही संगणकावर वाचता येते. ते दिसायला ओबडधोबड असते, पण वाचता येते. अर्थात शाळेच्या कार्यालयात टेक शिकायला कोणाला वेळ होता, हा प्रश्न आहेच.

युनिकोड आणि नंतर

१९९१ मध्येच युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली. जगातील प्रत्येक लिपीला स्वतःचे आकडे, कोणी कोणाच्या घरात राहायचे नाही. देवनागरीला २३०४ ते २४३१ ही १२८ घरे मिळाली आणि त्यांतील क्रम १९८८ च्या इस्कीवरून घेतला गेला. कानपूर-पुण्याचे काम असे जगभर गेले. उच्चारक्रमही तोच. आकडे उच्चारक्रमाने आणि चित्र दृश्यक्रमाने, ही जुळणी करण्याचे काम आता प्रणालीने करायचे. विंडोजमध्ये देवनागरीसाठी ते २००० साली शक्य झाले; तिच्याबरोबर आलेला 'मंगल' हा अक्षरसंच सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी आखलेला होता. पुढे 'ओडीएफ' हा दस्तऐवजाचा खुला नमुना २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि मायक्रोसॉफ्टचा 'डॉक्स' २००८ मध्ये. हे दोन्ही नमुने म्हणजे आवळून बांधलेले गाठोडे. डॉक्स फाइलीची एक नक्कल करून तिच्या नावाचा शेवट 'झिप' असा बदला आणि उघडा; आत मजकूर, मांडणीच्या शैली आणि चित्रे वेगवेगळी सापडतील. नववी-दहावीच्या मुलांना हे करायला फार आवडते.

म्हणजे प्रश्न सुटला? बराचसा सुटला. आम्ही गुरुजींची फाइल युनिकोडमध्ये आणली, मराठी उमटले, पण सगळे ठळक शब्द साधे झाले. याची कारणे दोन होती. मूळ फाइलीत ठळकपणा म्हणजे निराळा अक्षरसंचच होता. त्याचे नाव बदलताच ठळकपणा गेला. ते दुरुस्त करून पाहिले, तरी ठळक होईना. तेव्हा लक्षात आले की वर्डमध्ये रोमन लिपीचा ठळकपणा आणि देवनागरीसारख्या 'गुंतागुंतीच्या' मानलेल्या लिपींचा ठळकपणा या दोन वेगळ्या नोंदी असतात. आकाराच्याही दोन आणि अक्षरसंचाच्याही दोन. आमच्या आज्ञावलीने रोमनची नोंद भरली होती, देवनागरीची रिकामी होती. लिबरऑफिसमध्येही अशीच वेगळी सोय आहे. एका कार्यालयात सोळा आकारात दिसणारे मराठी पत्र दुसरीकडे बारा आकारात उघडते, त्यामागे पुष्कळदा हे असते.

पाने मूळच्यापेक्षा वाढली, याचे कारण साधे आहे. दुसरा अक्षरसंच म्हणजे दुसरी रुंदी आणि ओळीची दुसरी उंची. ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते आणि पानांचे क्रमांक सरकतात. हे टाळायचे तर अक्षरसंच फाइलीबरोबर द्यावा लागतो किंवा वाचण्यापुरती पीडीएफ प्रत करावी लागते. गुरुजींना पानांचे क्रमांक नको होते, म्हणून आम्ही तिकडे लक्ष दिले नाही.

खरा वेळ गेला तो 'र'पायी. मराठीत आचार्यास आणि आचाऱ्यास हे वेगळे शब्द आहेत; पहिल्यात रफार, दुसऱ्यात आडवा, पापणीसारखा अर्धा 'र'. हिंदीत हा प्रकार नाही. युनिकोडमध्ये साधा 'र' २३५२ आणि खाली टिंब असलेला 'ऱ' २३५३. पापणीच्या 'र'साठी दुसरा घ्यावा असा नियम आहे. त्याआधीची, अदृश्य जोडखूण वापरून लिहिण्याची पद्धतही चालू राहिली, म्हणजे दिसायला एक आणि आकडे दोन. 'ॲ'चे तसेच. त्याला २४१८ हे स्वतंत्र घर २००८ मध्ये मिळाले. तोवर लोक 'अ'वर अर्धचंद्र देऊन काम भागवत. आजही शब्दकोशात शोधताना एका रूपाने लिहिलेला शब्द दुसऱ्या रूपाने सापडत नाही. आमच्या रूपांतराने पापणीचे सगळे 'र' रफार करून टाकले होते. संग्रहातल्या एका वाक्यात पाऊस 'दर्यात' उतरत होता. गुरुजी हसले, म्हणाले, "अहो, आमच्या डोंगरात दर्या कुठून आला? तुम्ही दऱ्यांना समुद्रात बुडवलंत."

ते शब्द यंत्राने दुरुस्त होण्यासारखे नव्हते. दोन्ही रूपे मराठीत आहेत. गुरुजी तीन दुपारी आमच्याकडे बसले. आम्ही शब्द वाचायचा, त्यांनी उच्चार करून दाखवायचा, आम्ही खूण करायची. छापील प्रतीतील उरलेली पाने ताडून पाहिली, तेव्हा मूळ टंकलेखनातल्याही काही चुका निघाल्या. ठळक शब्दांना आता नुसते ठळक न ठेवता 'नोंदशब्द' नावाची शैली लावली आहे; गावांच्या नावांना 'गाव' ही शैली. उद्या ठळकपणा हरवला तरी शैलीचे नाव फाइलीत राहील.

शेवटी गुरुजींनी विचारले की यातली कोणती प्रत सांभाळायची. आम्ही त्यांना तीन दिल्या: एक ओडीएफ, एक साध्या मजकुराची, जिच्यात नोंदशब्दापूर्वी तारा आणि गावापूर्वी चौकोनी कंस आहे, आणि एक कागदावर छापून, शिवलेली. फ्लॉपीही त्यांनी परत मागून घेतल्या.